जवभर

“काकू, तुमचा जो दात पडला ना, तो दुधाचा होता,” डॉक्टर मोनिका म्हणाली, आणि शकिलाला आधी वाटलं, पोरगी थट्टा करतेय. आजकालच्या डॉक्टरांना पेशंटशी गोड बोलायला शिकवतात म्हणे, त्यातलंच काहीतरी असेल. पण डॉक्टरच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. ती टेबलावरचा स्क्रीन दोघींकडे वळवत होती. दोघी म्हणजे शकिला आणि तिला सोबत म्हणून सावेडीहून आलेली मनकर्णा. कोल्हारला दोघींच्या घरांत एकच भिंत होती, आता नगरात दोघींच्या मध्ये दोन रिक्षांचं अंतर आहे, एवढाच काय तो फरक. मनकर्णानं ते वाक्य ऐकलं, क्षणभर कवळीसकट तोंड उघडं ठेवलं आणि मग दवाखान्यातली कंपाउंडर बाई डोकावून जाईल इतक्या मोठ्यानं हसली. “अगं बाई बाई बाई! छप्पन वर्साची घोडी झालीस शके, अन् दुधाचा दात? अंगडं-टोपडं शिवायला टाकू का तुला?” शकिला हसली नाही. तिची नजर स्क्रीनवर होती. काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी रंगाचं एक हाड, त्यात ओळीनं उभे दात, आणि त्यांच्या मुळांच्या वर, नाकाच्या तळाशी, लसणाची पाकळी कुणी आडवी ठेवून विसरून जावी तसा एक पांढराफेक दात निजलेला होता. “आणि हा तुमचा खरा सुळा,” डॉक्टर म्हणाली. “तेरा नंबरचा. तो कधी खाली आलाच नाही.”

शकिला खुर्चीत पुढं सरकली. ही भीती नव्हती, भीतीची तिला सवय होती. आपण एखाद्या घरात जन्मभर राहावं, झाडावं, सारवावं, पाहुणे-रावळे करावेत, आणि एक दिवस कुणी सांगावं की माळ्यावर आणखी एक माणूस पहिल्यापासून राहतंय, तसं काहीसं ते वाटणं होतं. तिनं नकळत जीभ त्या खिंडीत घातली. आठ महिने ती जीभ तिथंच जात होती, उठता-बसता, दुआ मागतानासुद्धा. थंडीच्या दिवसांत एका दुपारी खारीक चावताना तो दात निघाला होता. दुखलं नाही, रक्ताचा एक थेंब तेवढा आला. हातात घेऊन पाहिला तर पिवळट, झिजून सपाट झालेला, आणि मूळ म्हणून काही नव्हतंच, देठ तुटलेल्या बोरासारखा खालून गुळगुळीत. वयानं मूळ खाल्लं, असं तिनं समजून घेतलं. अंगापासून सुटलेली वस्तू, नख असो, केस असो, दात असो, उकिरड्यावर टाकायची नाही, मातीला द्यायची, ही तिच्या अम्मीची शिकवण. म्हणून तिनं परसातल्या मेंदीच्या बुडाशी बोटभर खळगा केला आणि पांढऱ्या चिंधीत बांधून तो दात पुरला. कबरीवर माणूस तीन मुठी माती टाकतो. शकिलानंही तीनच टाकल्या, चिमटीएवढ्या का होईनात. ही आपल्या मय्यतीची सुरुवात, असं तिच्या मनात आलं, आणि त्या संध्याकाळी ती सुनेशीसुद्धा फारशी बोलली नाही. आणि आता ही मुलगी सांगत होती की त्या खळग्यात पुरलं ते म्हातारपण नव्हतंच. ते तिचं बाळपण होतं, छप्पन वर्षं तोंडात तग धरून राहिलेलं, आणि त्याला तिनं तीन मुठी माती देऊन निरोप दिला होता.

दाताचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. मनकर्णा म्हणालीच होती. “माझं बत्तीसच्या बत्तीस मिसरीनं नेलं. मी काय करते? कवळी काढते, धुते, घालते, भाकरी खाते.” पण मनकर्णाला भाकरी खायची होती आणि शकिलाला अक्षरं उच्चारायची होती. तीस वर्षं ती गल्लीतल्या पोरींना कुराण वाचायला शिकवत आली होती, दुपार कलली, असरची नमाज झाली की ओट्यावर चटई पडायची. कुराण वाचायचं तर अक्षर जिथून निघायला हवं तिथूनच निघायला हवं, हा तिचा आणि तिच्या आधी तिच्या अम्मीचा सारा धंदा. दात पडल्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी ती ‘सिरात’ म्हणायला गेली आणि खिंडीतून अशी काही शीळ निघाली की बकऱ्या वळाव्यात. समोर अलिझा बसली होती, सहा-सात वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची. ती फिसकन हसली आणि लगेच तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. बाकीच्या पोरी माना खाली घालून हलायला लागल्या. त्या दिवशी शकिलानं चटई गुंडाळली ती गुंडाळलीच. माझा हर्फ बिघडला, चुकीचं शिकवून पापाची धनी कशाला होऊ, असं तिनं गल्लीत सांगितलं, आणि गल्लीनं तिच्या खुदाभीतीची वाहवा केली. सून हुमेरा दबकत म्हणाली होती, “अम्मी, तोवर मी घेऊ का पोरींना?” तिच्याकडेच शिकलेली, गळा गोड. पण शकिला फटकन म्हणाली, “तुझा लाम कच्चा आहे अजून, ‘ल’च नीट निघत नाही.” हुमेरा आत निघून गेली आणि ओटा रिकामा राहिला. मग नाक्यावरच्या डॉक्टरनं काढता-घालता येणारा दात करून दिला, त्याची गुलाबी पाटी टाळूभर पसरलेली. ती घातली की तोंडात लाडू धरून बोलल्यासारखं व्हायचं, एकही अक्षर जागेवर पडेना. म्हणून मग हाडात पक्का बसणारा दात, आणि त्यासाठी आधी हाडाची जाडी मोजायला हे मशीन.

ते मशीन तासाभरापूर्वीच झालं होतं आणि अजून तिच्या अंगातून गेलं नव्हतं. कानातलं काढा, नाकातलं काढा, डोक्यावरच्या पिना काढा, असं करत करत त्या बाईनं तिला एका काचेच्या खोलीत उभी केली होती. हनुवटी एका खोबणीत, कपाळाला दोन्हीकडून गाद्या, पुढच्या दातांत एक प्लास्टिकची कांडी. “जीभ टाळूला लावून ठेवा काकू. हलवायची नाही. गिळायचं नाही. अठरा सेकंद.” आणि दार बंद. मग एक पांढरा हात तिच्या डोक्याभोवती फिरायला लागला, हळू, अगदी हळू, प्रदक्षिणा घालावी तसा, आणि त्याचा एकसुरी गुंजारव तिच्या दातांत उतरला. जीभ हलवायची नाही! जन्मभर जिनं जीभ हलवण्याचाच हिशेब ठेवला तिला हे सांगणं म्हणजे सुताराला हात बांधून बसवणं. त्या अठरा सेकंदांत तिला तिची अम्मी आठवली, कोल्हारच्या ओसरीवर बसलेली, पलीकडं प्रवरेचं वाळवंट तापलेलं, आणि मांडीशी जर्द्याची रिकामी डबी. डबीत जर्दा नव्हता, जवाचे दाणे होते. अम्मीचे वडील राहुरी स्टेशनला टांगा हाकायचे, घोड्याच्या चंदीतला जव घरात सांडलेला असायचा, त्यातूनच अम्मीला ते माप सुचलं असावं. कुठल्या किताबात ते नाही. पोरीच्या नखावर जवाचा दाणा ठेवायची आणि म्हणायची, “एवढी. एवढीच जीभ मागं घे. जवभर.” सैफ म्हटलं तर तलवार, आणि तोच ‘स’ जरा जाड, जरा वरून काढला तर सैफ म्हणजे उन्हाळा. “जवभर इकडं तलवार, जवभर तिकडं उन्हाळा,” अम्मी म्हणायची, “अन् तुमी पोरी आंब्याच्या कोयीएवढी जीभ हलवता!” तरीही जमलं नाही तर ती सरळ पोरीच्या तोंडात बोट घालायची आणि जागा दाखवायची. तिचे वडील घोडा घेताना त्याचं वय दातांवरून बघायचे, तोंडात बोट घालून. बापाचं बोट लेकीत उतरलं होतं.

“आता हे बघा,” डॉक्टर मोनिका म्हणाली. तिनं माऊस सरकवला तसा जबड्याचा एकेक काप पुढं आला, गेला, पुढं आला. पावाचे काप करावेत तसे शकिलाच्या हाडाचे काप होते, आणि एकाही कापाला रक्त नव्हतं. डॉक्टर एका कापावर थांबली, या कडेवर टिचकी मारली, त्या कडेवर टिचकी मारली, मध्ये एक पिवळी रेघ ओढली गेली आणि रेघेशी आकडा उमटला. “सात पूर्णांक चार मिलिमीटर. स्क्रू बसवायचा तर सहा तरी लागतात. काय होतं काकू, दात गेला की त्याच्याभोवतीचं हाड शरीर हळूहळू काढून नेतं. ज्याच्यावर भार नाही ते हाड शरीर सांभाळत नाही. या मावशींचं मोजलं तर तीन-साडेतीन भरेल.” मनकर्णानं गालाला हात लावला. “व्हय की वो. रिकामं घर पडतंच.” मग म्हणाली, “म्हंजे माझं हाड मी जितेपनीच गिळलं म्हना की.” “पण यांचं बघा ना,” डॉक्टरच्या आवाजात आता वेगळंच काहीतरी आलं होतं, दवाखान्यातलं नव्हे, जत्रेतलं. “यांची जागा भरलेली आहे. आतून यानं धरून ठेवलीय. असे दात आम्ही बघतो अधूनमधून, पण छप्पनाव्या वर्षी, इतका शाबूत... याला हवा लागलेली नाही, अन्न लागलेलं नाही. किडीनं याला पाहिलेलंच नाही काकू.”

शकिला पाहत राहिली. डॉक्टरनं ते चित्र फिरवलं तशी तिची स्वतःची कवटी तिच्याकडे वळली, मग बाजूला वळली, आणि कुठल्याच बाजूनं ती भेसूर दिसली नाही याचं तिला नवल वाटलं. मेल्यानंतर कबरीच्या अंधारात जे उरणार, ज्याला कुणी बघणार नाही, ते इथं टेबलावर उजेडात फिरत होतं, आणि ती जिवंतपणी शेजारी बसून, बुरख्याच्या कडेनं घाम पुसत ते बघत होती. सुबहानल्लाह, ती पुटपुटली, आणि शीळ निघाली, तिला लाज वाटली नाही. छप्पन वर्षं! लग्न होऊन ती नगरात आली तेव्हा हा इथं होता. तीन बाळंतपणांत ती दातांवर दात दाबून ओरडली तेव्हा त्या दातांच्या वर हा निजला होता. नवरा गेला त्या दिवशी तोंडात पाण्याचा घोट गेला नव्हता. यानं तर कधीच घोट घेतला नव्हता. हजार वेळा तिनं कुराण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं असेल, त्यातलं प्रत्येक अक्षर याच्या अंगावरून गेलं होतं, बोटभर अंतरावरून, आणि हा पूर्ण, कोरा, पांढरा, आपली पाळी यायची वाट न बघता नुसता होता. माणूस आपल्याला ओळखतो म्हणतो ते काय ओळखतो? तिला स्वतःचीच भीड वाटायला लागली.

आणि तेवढ्यात, का कोण जाणे, तिला कोल्हारचं मनकर्णाचं धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर आठवलं. गावातल्या सगळ्या पोरांचे दात त्या धाब्यावर जायचे, कारण ते रस्त्याकडेला होतं आणि बुटकं होतं. दात पडला की मुठीत घ्यायचा, धाब्याकडे पाठ करायची आणि डोक्यावरून मागं भिरकावायचा, आणि उंदराला सांगायचं की जुना घे, नवा दे. अम्मीला कळलं असतं तर तिनं पाठ सोलली असती, म्हणून शकिला आपले दात चोरून मनकर्णासोबत टाकायची. एकेक करून सगळे टाकले, फक्त उजवीकडचा वरचा सुळा पडेना. मनकर्णाचा पडून नवा आला, टोकदार, ती तो सगळ्यांना विचकून दाखवायची. शकिलानं तिच्या नादानं त्या दाताला दोरा बांधला, दुसरं टोक कडीला, आणि मनकर्णानं दार ओढलं. दोरा तुटला. तेव्हा शकिला बारा वर्षांची असेल. रात्री तिनं रडत अम्मीला सांगितलं की माझा सुळा येतच नाही, माझ्यात काहीतरी कमी आहे. अम्मीनं तिला चुलीच्या उजेडाकडे वळवलं, पदराला बोट पुसलं आणि तोंडात घातलं. टाळूच्या कडेनं ते बोट सावकाश फिरलं, थांबलं, दाबलं. “हाय,” अम्मी म्हणाली. “हाय की. जवभर आत हाय. निजलाय.” “कधी येईल?” “त्याची येळ झाली तर येईल. न्हाई आला तर न्हाई आला. हाय तुझ्याच तोंडात, दुसऱ्याच्या घरी न्हाई गेला. मुकाट जेव.” शकिलाला तेव्हा वाटलं होतं की आई समजूत काढतेय, आया काढतात तशी. चार दिवसांनी ती विसरून गेली होती, आणि मग चव्वेचाळीस वर्षं.

“वरचं हाड किती आहे?” तिनं विचारलं. डॉक्टरला कळलं नाही. “म्हणजे याच्यावर. टाळूच्या बाजूनं. याच्या अन् माझ्या जिभेच्या मध्ये किती हाड आहे?” डॉक्टरनं काप पुढं-मागं केले, एका जागी थांबली, टिचकी, टिचकी, रेघ. “दोन पूर्णांक नऊ. तीनच धरा, मिलिमीटर.” “म्हणजे केवढं?” शकिलानं विचारलं, कारण मिलिमीटर तिला आकड्यानं कळत होता, हातानं नाही. डॉक्टरनं अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची नखं जवळ आणली, बारीकशी फट ठेवली. मनकर्णा वाकून बघत म्हणाली, “गव्हाच्या दान्याएवढं म्हना की.” “गव्हाच्या नाही,” शकिला म्हणाली, आणि तिचा आवाज असा फाटला की मनकर्णानं तिचा हात धरला. “जवाच्या. मने, जवाच्या. अम्मी म्हणाली होती.” डॉक्टरनं पाण्याचा ग्लास पुढं केला. त्या काचेच्या खोलीतल्या लाखो रुपयांच्या मशीननं तिच्या डोक्याला प्रदक्षिणा घातली तेव्हा कुठं जे सापडलं, ते चुलीच्या उजेडात, पदराला पुसलेल्या एका बोटानं मोजून ठेवलं होतं. आई समजूत काढत नव्हती. आईनं माप सांगितलं होतं, आणि ते इतक्या वर्षांत तसूभरही हललं नव्हतं.

डॉक्टर मोनिका चांगली मुलगी होती. तिनं शकिलाला पाणी संपवू दिलं आणि मग घाई न करता दोन्ही रस्ते सांगितले. पक्का दात बसवायचा तर हा निजलेला सुळा आधी हाड कोरून काढावा लागेल, तुकडे करून. मग त्या पोकळीत हाडाची भुकटी भरायची, सहा महिने थांबायचं, पुन्हा स्कॅन, पुन्हा मोजणी, मग स्क्रू. नाहीतर याला असाच राहू द्यायचा. त्रास देत नाही तोवर वर्षातून एकदा फोटो काढून नजर ठेवायची. पण मग खिंड राहील. “शिकवायचं आहे ना तुम्हाला, म्हणून म्हणते,” ती म्हणाली. शिकवायचं आहे ना. शकिलाच्या डोळ्यांपुढं पुन्हा अम्मी आली, पण ही शेवटच्या वर्षांतली, बोळकं झालेली. तिच्या तोंडात खाली दोन आणि वर एक, असे तीन दात उरले होते. आणि तरी ओसरीवर चटई पडत होती! हे आपल्याला आठ महिने आठवलं कसं नाही, याचं शकिलाला आश्चर्य वाटलं आणि मग आश्चर्य ओसरून तिथं शरम उघडी पडली. कोल्हारला माहेरपणाला गेली की अम्मी तिला शेजारी बसवायची. “तू आवाज, मी बोट,” म्हणायची. शकिलानं अक्षर म्हणून दाखवायचं आणि अम्मीनं पोरींच्या तोंडात बोट घालून ते जागेवर बसवायचं. बोळक्या तोंडाला पोरी हसायच्या, अम्मीही हसायची, आणि अक्षरं शुद्ध निघायची. अम्मीची अक्षरं अम्मीच्या तोंडात कधी नव्हतीच, ती पोरींच्या तोंडात होती. आणि आपण? खुदाची भीती म्हणून चटई गुंडाळली, असं गल्लीला सांगितलं. खरं म्हणजे एक सहा वर्षांची पोर हसली आणि आपल्याला ते लागलं. हुमेराचा लाम कच्चा नव्हता. पक्का होता, म्हणूनच ती नको होती. इतकं साधं होतं ते, आणि ते बघायलाही कवटी उघडावी लागली.

“राहू द्या त्याला,” शकिला म्हणाली. डॉक्टरनं भुवया वर केल्या. “काकू, नीट विचार करा. घाई नाही.” “विचार केला बाई. छप्पन वर्षं निजलाय, त्याला तुकडे करून उठवू नका. वर्षाला येईन मी फोटोला.” “मग शीळ?” मनकर्णा म्हणाली. “जलमभर शिट्ट्या मारत हिंडनार का गं गल्लीत?” “मारीन,” शकिला म्हणाली. “म्हातारपणी कंडक्टर होईन.” आणि आता कुठं ती हसली, आणि ते हसणंही खिंडीतून शिट्टी वाजवत बाहेर आलं, तशी डॉक्टरही हसली. जाताना डॉक्टरनं त्या कापाचं चित्र एका काळ्या फिल्मवर काढून दिलं. पिवळी रेघ, आणि रेघेशी दोन पूर्णांक नऊ.

रिक्षात मनकर्णाच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. मग म्हणाली, “शके, आपलं ते धाबं रस्ता रुंद करताना पाडलं, ठावं हाय ना? माती कुठं टाकली त्याची?” “कुठं?” “रस्त्यातच. भरावाला. म्या सोता पाह्यलं.” नगर-मनमाड रस्त्यावरून उसाचे ट्रक जातात, शिर्डीच्या गाड्या जातात, आणि त्यांच्या चाकांखाली कोल्हारच्या दोन पिढ्यांचे दुधाचे दात पसरलेले आहेत, मनकर्णाचे सगळे, शकिलाचे एक सोडून सगळे. तो एक मेंदीखाली. मनकर्णानं फिल्म उन्हाकडे धरून पुन्हा एकदा पाहिली, उलटी धरली होती ते शकिलानं सांगितलं नाही. “लई देखनाय गं,” मनकर्णा म्हणाली. “माझा बी एखादा राह्यला असता तर!” तिच्या गालाच्या आत कुठंतरी तीन-साडेतीन मिलिमीटरचं हाड होतं, आणि ते आठवून शकिलानं तिचा हात घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

घरी हुमेरा दारातच होती. अहवाल काय, हाड पुरतं का, कधी बसवणार, तिच्या डोळ्यांत सगळे प्रश्न होते आणि तोंडानं एकही नव्हता. आठ महिन्यांपूर्वीच्या त्या एका वाक्यानं या पोरीची जीभ आपण बांधून टाकली, हे शकिलाला तेव्हा लख्ख दिसलं. तिनं बुरखाही काढला नाही. “बस,” ती म्हणाली. “लाम म्हण.” हुमेरा गोंधळली, पण बसली, आणि म्हणाली. जिभेची कड हिरडीला जिथं लागायला हवी तिथं लागली, सुटली. शकिला ऐकत राहिली. “पक्का आहे,” ती म्हणाली. “तेव्हाही पक्काच होता. मी खोटं बोलले.” हुमेराचे डोळे भरले, तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली, आणि आतून चटई झटकल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी असरनंतर पोरी आल्या, आधी चार, मग त्यांनी हाका मारून आणलेल्या सात. मधल्या जागेवर हुमेरा बसली आणि तिच्या शेजारी, जर्द्याच्या डबीत किराण्यातून आणलेले चार जव घेऊन, शकिला. अलिझा मात्र ओट्याच्या पायरीवरच उभी होती, ओठ घट्ट मिटून. ये म्हटलं तरी येईना. शकिला उठून तिच्याजवळ गेली. “काय झालं गं?” अलिझानं ओठ आणखी घट्ट केले, मग डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंड आपोआप उघडलं. समोरचे वरचे दोन्ही दात नव्हते. “खाला,” ती म्हणाली, आणि प्रत्येक शब्दातून वारा निघत होता, “मी तुम्हाला हसले ना, म्हणून माझे पण पडले. अन् येतच नाहीत.”

शकिलानं तिला कडेवर घेतली नाही, तिचे डोळेही पुसले नाहीत. ओट्याच्या कोपऱ्यातल्या बादलीवर तिनं हात धुतले, साबण लावून, नीट, आणि अलिझाला उन्हाकडे वळवली. “आ कर.” बोट आत गेलं. मऊ हिरडी, गरम श्वास, आणि मग, बोट जरा दाबलं तशी, त्या मऊपणाच्या खाली एक बारीक, टणक कड. तिथंच होती. शकिलाचं बोट थांबलं. ओट्यावर बाकीच्या पोरी आणि एक सून श्वास रोखून बघत होत्या.

“हाय,” ती म्हणाली, आणि तो आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. “हाय की. जवभर आत हाय. चल, बस. हुमेरा, वाच.”